लपविलेला मृत्यू आणि कायद्याची मुदत



फौजदारी न्यायात मुदतीचे तत्त्व कशासाठी आले, हे समोर बसलेल्या वकील मंडळींना मी सांगावे असे नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तशी सर्वसाधारण तरतूद नव्हती. १ एप्रिल १९७४ रोजी अमलात आलेल्या संहितेने ती घातली. केवळ दंडाच्या गुन्ह्यास सहा महिने, एक वर्षापर्यंतच्या कैदेस एक वर्ष, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस तीन वर्षे, आणि त्याहून गंभीर गुन्ह्यास मुदतच नाही, असा तो हिशेब. साक्षीदारांची स्मृती क्षीण होते, निरपराध माणसाच्या मानेवर जन्मभर तलवार टांगती राहू नये, हे सर्व मला मान्य आहे. ज्याने मृत्यू दडविला त्याच्याच पदरात या काळाचा लाभ पडावा, हे मात्र मला कदापि मान्य होणार नाही.

एक प्रकरण थोडक्यात सांगतो. ऊसपट्ट्यातील एका शेतमालकाने रानडुकरांच्या उपद्रवाला कंटाळून बांधालगत खुंट्या रोवून तार ओढली व रात्री तीत वीज सोडली. पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारचा सालगडी तिला चिकटला आणि गेला. मालकाचा त्याला मारण्याचा हेतू नव्हता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु उजाडण्यापूर्वी त्याने तार गुंडाळली, खुंट्या उपटल्या, त्यांची भोके पायाने बुजविली आणि शव बैलगाडीत घालून कालव्यात सोडले. ते कित्येक दिवसांनी पलीकडच्या तालुक्यात निघाले. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला, आणि ओळख न पटल्याने बेवारस म्हणून अंत्यविधीही उरकला.

इकडे त्याची बायको कुंकू लावीत वाट पाहत राहिली. निराधारांच्या पगारासाठी ती तहसील कचेरीत गेली, तो मृत्यूचा दाखला मागितला गेला. आणि सात वर्षे ठावठिकाणा नसल्याखेरीज मनुष्य मृत मानण्याचे अनुमान पुराव्याच्या कायद्यात नाही! चार वर्षांनी मालकाच्या भावाने वाटणीच्या भांडणात सारे बोलून टाकले, तेव्हा फिर्याद गुदरली. गुन्हा पोलिसांस कळला त्या दिवसापासून मुदत मोजावी, असे कलम ४६९ होते; तथापि पंचनाम्याच्या दिवशीच पोलिसांस सर्व कळले होते, असा युक्तिवाद झाला, आणि कनिष्ठ न्यायालयाने तो ग्राह्य धरला. पुढे दाद मागावयास त्या बाईंपाशी ना पैसा उरला होता, ना त्राण.

(मागून आवाज : कलम ४७३!)

आमच्या वकील मित्रांना सभागृहातही हरकत घेतल्यावाचून राहवत नाही. (हंशा) होय, न्यायहितासाठी विलंब माफ करण्याचा अधिकार त्या कलमात होता, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. परंतु तो न्यायाधीशाच्या विवेकावर सोपविलेला आहे, त्या बाईंचा हक्क म्हणून नव्हे. मी मुदतीच्या कायद्याचा शत्रू आहे, असा ग्रह कृपा करून करून घेऊ नका.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा बरेच सोडून मुख्य मुद्द्यावर येतो. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम १०६ अन्वये निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणून त्या गुन्ह्यास सामान्यतः मुदत उरली नाही. पुरावा नाहीसा करण्याच्या कलम २३८ ची शिक्षा मात्र अशा प्रकरणी मूळ गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या चतुर्थांश, म्हणजे पंधरा महिने. केवळ त्या कलमाखाली खटला भरला, तर मुदत तीन वर्षे. क्षणाच्या हयगयीबद्दल कायदा जन्मभर विचारील, आणि थंड डोक्याने केलेल्या लपवणुकीबद्दल तीन वर्षांनी गप्प बसेल! शिवाय मृत्यू कोणाच्याही अपराधावाचून घडला असेल, तर ते कलम लागूच होत नाही. आकस्मिक मृत्यू दडविणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवावा, आणि मृताची ओळख पटून त्याच्या वारसांस खरी हकीकत कळेपर्यंत मुदतीचा एक दिवसही मोजू नये, एवढीच माझी मागणी आहे.

ती मान्य होईल तेव्हा होवो. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३४ आजही अमलात आहे. गावात कोणाचा आकस्मिक वा अनैसर्गिक मृत्यू झाल्यास नजीकच्या ठाण्यास किंवा दंडाधिकाऱ्यास तत्काळ वर्दी देण्याचे कर्तव्य त्याने एकट्या पोलीस पाटलावर नव्हे, गावात राहणाऱ्या प्रत्येक इसमावर घातले आहे. गावी गेल्यावर हे चार जणांना सांगा, आणि प्रसंग आलाच तर वर्दी द्यायला स्वतः जा.