झिऑन स्वस्तात मिळतोय, घेऊ का?

आजचा भाग प्रोसेसरवर आहे आणि तो सुचला एका प्रश्नावरून. आमच्या शिरगावातलाच एक पोरगा, डिप्लोमा मेकॅनिकल झालेला. चाकणच्या एका छोट्या वर्कशॉपची ड्रॉइंग्ज घरबसल्या करून द्यायची, असं त्याचं ठरलंय. पहिले तीन महिने काम बघणार, जमलं तर पुढे चालू. बजेट चाळीस हजार, त्यातले निम्मे आईच्या भिशीचे. म्हणजे चुकीची मशीन घेतली तर दुसरी घ्यायला पैसे नाहीत.

त्याच्यासमोर दोन पर्याय. एक, दुकानात नवीन जोडून मिळणारा पीसी, इंटेल कोअर आय-५ १२४०० वाला. सहा कोअर, १६ जीबी रॅम. दुसरा, कुठल्या तरी ऑफिसातून निघालेलं जुनं वर्कस्टेशन. आत झिऑन ई५-२६८० व्ही४, चौदा कोअर, ६४ जीबी रॅम, वर भलामोठा काळा डबा. किंमत जवळजवळ सारखीच. तो मला म्हणाला, "दादा, चौदा मोठे की सहा? यात विचारण्यासारखं काय आहे?"

विचारण्यासारखं खूप आहे.

आधी जुनं-नवीन बाजूला ठेवू आणि एकाच कंपनीचे, एकाच पिढीचे दोन प्रोसेसर घेऊ. म्हणजे फरक नेमका कशाचा ते कळेल. एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स हा आपला घरगुती, डेस्कटॉपवाला. २०२२ मध्ये आला, १६ कोअर, तेव्हाची किंमत ६९९ डॉलर. आणि थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स हा वर्कस्टेशनवाला. २०२३ मध्ये आला, ९६ कोअर, किंमत ९,९९९ डॉलर. दोघांच्या आतला कोअर एकाच आराखड्याचा, झेन ४. म्हणजे भाऊ-भाऊच. एकाला चौदापट पैसे.

मग चौदापट वेगवान? अजिबात नाही. एकच कोअर वापरणारं काम दिलं तर स्वस्तातला पुढे जातो. त्याचा कोअर ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत पळतो, महागड्याचा ५.१ पर्यंत. कारण सरळ आहे. छोट्याला १७० वॉट वीज १६ कोअरमध्ये वाटायची, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दहाच्या वर वॉट. मोठ्याला ३५० वॉट ९६ जणांत वाटायची, म्हणजे साडेतीनच्या आसपास. सगळे एकदम कामाला लागले की तो प्रत्येकाला हळू चालवतो. त्याचा मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ आहे, छोट्याचा ४.५.

आता आपल्या मावळातलं उदाहरण घेतो. भाताची आवणी. खाचर चिखलून तयार आहे, रोपं उपटून जुड्या बांधून ठेवल्यात. अशा वेळी तीन बायका लावल्या तर दोन दिवस, पंधरा लावल्या तर दुपारच्या भाकरीपर्यंत शेत हिरवं. पण ती रोपं वाढायला जे तीन-चार आठवडे लागतात, त्यात पंधरा बायका काय करणार? बांधावर बसून राहणार. कॉम्प्युटरच्या कामातही हे दोन भाग असतात, वाटून घेता येणारा आणि न येणारा.

जीन अ‍ॅमडाल नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये हेच मांडलं. आपण हिशोब करून बघू. समजा एका कामाला एका कोअरवर १०० मिनिटं लागतात. त्यातली ८० मिनिटं वाटता येतात, २० येत नाहीत. सोळा कोअर लावले: ८० भागिले १६ म्हणजे ५, अधिक ती २०, एकूण २५ मिनिटं. मस्त. आता ९६ कोअर लावू: ८० भागिले ९६ म्हणजे ५० सेकंद, अधिक २०. जवळजवळ २१ मिनिटं. कोअर सहापट झाले आणि वाचली चार मिनिटं! त्यात मोठ्याचा एकेक कोअर थोडा हळू, म्हणून ती २० ची २२ होतात. म्हणजे दोन-अडीच मिनिटांच्या फरकासाठी नऊ हजारांवर डॉलर.

मग अशी चिप घेतं कोण? ज्यांच्या कामात ती न वाटणारी २० मिनिटं नसतातच. हवामानाचा अंदाज घ्या. नकाशाचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक कोअरला थोडे थोडे वाटून द्यायचे. आपल्या पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला तो याच विचारावर. एक राक्षसी प्रोसेसर बनवायच्या भानगडीत न पडता ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या चिपा एकमेकांना जोडल्या आणि काम वाटून दिलं. आज सी-डॅककडेच असलेल्या परम सिद्धी-एआयमध्ये एएमडीचे ६४-६४ कोअरवाले एपिक प्रोसेसर आहेत, आणि खरं ओझं उचलतात त्यांच्या जोडीची ग्राफिक्स कार्डं. गाडीची धडक कॉम्प्युटरवर तपासणं, अ‍ॅनिमेशनची एकेक फ्रेम रेंडर करणं, ही सगळी आवणीची कामं. तिथे बायका जितक्या जास्त तितकं बरं.

पण कोअर वाढवून भागत नाही, म्हणून वर्कस्टेशनच्या किमतीत आणखी दोन-तीन गोष्टी येतात. एक्स्प्रेसवेवरचा उर्से टोलनाका आठवा. बूथ भरपूर, पण नाका ओलांडला की एका बाजूला तीनच लेन. रविवारी संध्याकाळी तिथे काय होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. प्रोसेसरचे कोअर म्हणजे बूथ आणि रॅमकडे जाणारे रस्ते म्हणजे मेमरी चॅनल. घरगुती प्रोसेसरला चॅनल दोन, थ्रेडरिपर प्रोला आठ. ९६ कोअर दोन चॅनलवर सोडले असते तर नुसते हॉर्न वाजवत उभे राहिले असते. तसंच ग्राफिक्स कार्ड जोडायच्या पीसीआय एक्स्प्रेस लेनचं. छोट्याकडे वापरायला २४, मोठ्याकडे १२८. एका कार्डाला पूर्ण वेगासाठी १६ लागतात. एकच कार्ड लावणाऱ्याला २४ पुष्कळ झाल्या. चार लावायची असतील तर ६४ हव्यातच, तिथे घरगुती बोर्ड हात वर करतो.

आणि तिसरी गोष्ट, मला सगळ्यात आवडणारी, ईसीसी रॅम. रॅममधला एखादा बिट कधीतरी आपोआप उलटतो, शून्याचा एक होतो. तुम्ही गेम खेळताय, एक ठिपका चुकीच्या रंगाचा दिसला, कुणाला कळतंय? पण २००३ मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेकच्या मतमोजणीत एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त पडली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, अगदी एक बिट उलटल्यावर वाढेल तेवढाच आकडा. सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली नाही, तेव्हा तपासणाऱ्यांनी बिट उलटल्याचाच निष्कर्ष काढला. ईसीसी रॅम असा एक उलटलेला बिट ओळखते आणि दुरुस्त करते. तीन दिवस चालणारं गणित लावून बसलेल्या माणसाला याचं मोल कळेल. (काही घरगुती बोर्डांवरही ईसीसी चालते, पण वर्कस्टेशनची रजिस्टर्ड रॅम तिथे चालत नाही. स्वस्त मिळाली म्हणून उचलून आणू नका.)

आता आपल्या डिप्लोमावाल्याकडे. तो काय करणार? सॉलिडवर्क्समध्ये पार्ट काढणार, माप बदलणार, मॉडेल पुन्हा बांधलं जाण्याची वाट बघणार. सॉलिडवर्क्सला हे बांधकाम बहुतांशी एकाच कोअरवर करावं लागतं, कारण आधी प्लेट, मग तिला भोक, मग भोकाच्या कडेला चॅम्फर. भोक पाडायच्या आधी चॅम्फर कसा होईल? ऑटोकॅडचंही बरचसं तसंच. म्हणजे याचं दिवसभराचं काम रोपं वाढायची वाट बघण्याचं.

आणि तिथे ते जुनं झिऑन मार खातं. २०१६ ची चिप, एक कोअर जास्तीत जास्त ३.३ गिगाहर्ट्झ. आय-५ १२४०० हा २०२२ चा, ४.४ पर्यंत जातो, शिवाय दरम्यानच्या सहा वर्षांत कोअरचा आराखडाच सुधारलाय, त्यामुळे तेवढ्याच गिगाहर्ट्झमध्ये काम जास्त होतं. एका कोअरच्या कामात दोघांची तुलनाच नाही. गंमत पुढे आहे: सगळे कोअर राबवले तरी हे सहा त्या चौदांच्या मागे पडत नाहीत. मेमरीचंही तेच. झिऑनचे चार चॅनल डीडीआर४-२४०० चे, सेकंदाला ७६.८ जीबी. आय-५ ला डीडीआर५-४८०० लावली तर दोनच चॅनलमध्ये नेमका तेवढाच आकडा, ७६.८. त्या काळी हीच चिप दीड हजार डॉलरच्या वर विकली जायची. आज तिचं वर्कस्टेशनपण फक्त डब्यावरच्या स्टिकरवर उरलंय.

बाकीचं पटकन सांगतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा झिऑन नाही. त्यात ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लागणारच. १२४०० मध्ये आहे, आणि त्यातच व्हिडिओ उलगडायची सोयही आहे. मोबाईलवर एचईव्हीसीमध्ये शूट करून एडिट करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा ऐका. मोठ्या कंपन्यांच्या जुन्या डब्यांमध्ये पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड बऱ्याचदा त्यांच्याच मापाचे असतात, जळले तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाईट जाते. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. त्यावर आय-५ ची फाईल सेव्ह करायला निवांत वेळ मिळतो. झिऑन, जुनं कार्ड आणि मॉनिटर मिळून पूर्ण लोडवर तो पीं पीं करत बसेल.

म्हणजे जुनं वर्कस्टेशन कुणीच घेऊ नये का? तसं नाही. नेटवर्किंग शिकताय, एकाच मशीनवर सात-आठ व्हर्च्युअल मशीन चालवून सर्व्हरचा सराव करायचाय, तर ६४ जीबी रॅम आणि चौदा कोअर या पैशात दुसरीकडे मिळणार नाहीत. मी स्वतः त्या कामाला तेच घेईन, वर लिनक्स टाकेन आणि विंडोजची कटकटच मिटवेन.

पण या पोराला मी १२४०० घ्यायला सांगितलं, आणि जमलं तर १६ ऐवजी ३२ जीबी रॅम, बाकीचा खर्च थोडा आवळून. तो काही लगेच पटून घेणारा नाही. "पण चौदा कोअर, दादा..." म्हणून अजून हळहळतोय. म्हणून त्याला एक काम दिलं, तुम्हीही करून बघा. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा मित्राच्या पीसीवर आपलं नेहमीचं सॉफ्टवेअर उघडा, सगळ्यात जड फाईल लोड करा आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर जाऊन सीपीयूच्या आलेखावर राईट क्लिक करा. तिथे प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा वेगळा आलेख दाखवायचा पर्याय आहे. मग माप बदला आणि बघा. सगळे चौकोन एकदम भरले तर तुमचं काम आवणीचं. एक-दोनच वर गेले आणि बाकीचे तळाला लोळत असतील, तर जास्तीचे कोअर बांधावर बसायला विकत घेऊ नका.

त्याने शनिवारी मित्राकडे जाऊन बघतो म्हटलंय. तुम्ही बघितलंत तर स्क्रीनशॉट पाठवा, सॉफ्टवेअरचं नाव आणि फाईल केवढी होती तेही लिहा. पुढच्या भागात ग्राफिक्स कार्ड घेऊ, कारण तिथलं गणित याच्या बरोबर उलटं आहे.