अजब बंगला दाखवण्याचा मान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी दोन शब्द बोलावे असा आपण आग्रह केला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान देण्याची माझी पात्रता नाही. जे दिसले व सुचले तेवढे आपणापुढे मांडते.

यंदा मंडळाने लहान मुलांना नागपूरचा अजब बंगला दाखवण्याचे ठरवले आहे. विचार फार चांगला. नावे लिहून घेण्याचे काम माझ्याकडे आहे. घरोघर जाता दोन घरांतून एकच उत्तर आले, "आमचे राहू द्या बाई, तुम्हांला उगाच त्रास." एका घरी आई अंध आहे, तिची पाच वर्षांची मुलगी डोळस व मोठी चुणचुणीत. दुसऱ्या घरी आईबाप धडधाकट, पण मुलाला चालता येत नाही, आणि त्याच्यामुळे त्याची धाकटी बहीणही घरीच राहते. अधूपण एकाचे, पण सहल बुडते साऱ्या घराची.

कोणी म्हणेल, "त्यात काय? मुलीला आपण नेऊ, आई राहील घरी." भगिनींनो, इथेच माझे म्हणणे वेगळे आहे. अजब बंगला १८६३ सालचा. तिथे जुन्या मूर्ती आहेत, नाणी आहेत, हत्यारे आहेत, पेंढा भरलेली जनावरे आहेत, आदिवासींच्या वापरातल्या वस्तू आहेत. पण पाच वर्षांचे मूल पाटी वाचत नाही. त्याला बोट धरून कोणीतरी दाखवावे लागते, "हे बघ" म्हणावे लागते. तो मान आईबापांचा. आपण मुलगी नेली आणि आई मागे ठेवली, तर मुलीला सहल मिळेल, पण "माझ्या आईला यातले काही कळत नाही" हेही ती शिकून येईल. ते मला नको आहे.

मग आंधळी आई काय दाखवणार, असे विचाराल. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ साली 'अनुभव' नावाचे दालन उघडले. त्यात जुन्या वस्तूंच्या २२ प्रतिकृती हाताने चाचपून पाहण्यासाठी ठेवल्या, आणि त्यांची माहिती ब्रेल लिपीत दिली. जरा विचार करा, आपल्या डोळस मुलांनाही दुसरे काय हवे असते? "हात लावू नको" हे ऐकणे लहान मुलाला सर्वांत कठीण. अंधासाठी केलेली सोय बालकाच्याही उपयोगी पडते, तसाच खुर्चीसाठी केलेला उतार बाबागाडीला व म्हाताऱ्या सासूबाईंनाही चालतो.

ही कोणाची मेहेरबानी नव्हे. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, आणि इतरांच्या बरोबरीने कलेचा व करमणुकीचा लाभ घेणे हा त्यांचा हक्क ठरवला. मात्र हक्क कागदावर असला तरी विचारणारे कोणी हवे. ते काम मंडळाचे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, जाण्यापूर्वी संग्रहालयाला पत्र पाठवावे व फोनही करावा. "अपंगांची सोय आहे का?" एवढेच विचारू नये, त्याला "आहे" असे उत्तर येते व आपण फसतो. पायऱ्या किती, उतार कुठल्या दाराशी, चाकांची खुर्ची मिळेल का, ती संडासात जाते का, बसायला बाक कुठे, एखादी वस्तू हाताळू देतील का, आणि गर्दी कोणत्या वेळी कमी, असे एकेक विचारावे. गोंगाटाने घाबरणारे मूलही असते; त्याला शांत वेळ फार मोलाची.

दुसरी, प्रवास. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. ज्या अपंग माणसाला सोबतीशिवाय प्रवास करता येत नाही, त्याला व त्याच्या सोबत्याला रेल्वे तिकिटात सवलत देते. त्याचे कागद महिनाभर आधी पाहावेत. तिथे पोचल्यावर सगळी दालने पालथी घालण्याचा हट्ट नको. दोनच दालने, पण सावकाश. अशा प्रत्येक घराबरोबर आपल्यातली एक बाई असावी. तिने मूल ताब्यात घेऊ नये. आईच्या कानाशी वर्णन करावे, म्हणजे आई मुलीला सांगेल. ऐकू न येणाऱ्या आईबापांसाठी वस्तूंची नावे कागदावर लिहून न्यावीत.

तिसरी, ज्यांना नागपूर झेपणार नाही त्यांच्यासाठी संग्रहालयच इथे आणावे. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय २०१५ पासून बसगाडीतून वस्तू घेऊन शाळांच्या दारी जाते. आपल्याजवळ बस नाही, पण घराघरांत जाते आहे, पायली आहे, कुडव आहे, कंदील आहे, बांबूची सुपे-टोपल्या आहेत. एक दुपार ती सारी खाली सतरंजीवर मांडू. चालता न येणारे मूलही तिथे सर्वांच्या बरोबरीने बसेल. पायलीत धान भरावे, जात्याचा खुंटा फिरवावा, सुपाची वीण चाचपावी. आणि जाते कसे चालते हे आपल्या त्या अंध भगिनीइतके चांगले कोण सांगेल? तिचे हात ते जाणतात. त्या दिवशी सगळी मुले तिच्याभोवती बसतील, आणि तिची मुलगी ते पाहील.

यासाठी फार पैसा लागत नाही. नावांच्या वहीत मी एक रकाना वाढवला आहे, "सोबत कोण येणार व त्यांना काय लागेल?" तो सर्वांसाठी आहे, म्हणजे कोणाला वेगळे वाटणार नाही. त्या दोन घरी मी पुन्हा जाणार आहे. माझ्याबरोबर दोघी-तिघींनी यावे, एवढीच विनंती करते आणि आपली रजा घेते.

जय हिंद.