बावखलात उतरण्याआधी

मंडळी, परसातल्या छोट्या तळ्यात कमळं आणि मासे जपणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून आमच्या वसईच्या बावखलांविषयी बोलतो. बावखल म्हणजे वाडीच्या कडेला माणसांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. रहाटानं त्याचं पाणी केळीला, पानवेलींना, भाजीला जायचं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तळाचा गाळ काढून वाडीत खत म्हणून टाकायचे. पाणी सतत उपसलं जाई, त्यामुळे ते कुजत नसे.

विजेचे पंप आणि बोअरवेल आल्या, रहाट थांबले. मग जलपर्णी, निर्माल्य, प्लास्टिक. त्यावर आता ‘डास होतात, बुजवून टाका’ असा सल्ला मिळतो. मला तो पटत नाही. डेंग्यूचा एडिस डास पिंपात, टायरमध्ये, बांधकामाच्या टाक्यांत जास्त सुखानं वाढतो. बावखलात मासे असले आणि काठ मोकळा असला, तर अळ्या फारशा टिकत नाहीत. काठच्या दाट गवतात मात्र त्या माशांपासून लपतात. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात; म्हणून काठाची साफसफाई दर आठवड्याला हवी.

मला खरी धास्ती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची वाटते. उंदराच्या मुतातले जंतू पाण्यात, चिखलात येतात आणि पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या जागेतून अंगात शिरतात. २००५ च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईनं हा ताप चांगलाच पाहिला. सहसा ५ ते १४ दिवसांनी ताप भरतो, डोळे लाल होतात, पोटऱ्या ठणकतात. पोटऱ्या दुखल्या की माणूस म्हणतो, काम जास्त झालं! डॉक्टरांना ‘मी तळ्यात उतरलो होतो’ हे न विचारता सांगा. वेळेत औषध मिळालं तर बहुतेक जण बरे होतात. उशीर झाला तर यकृत, मूत्रपिंड धोक्यात येतात. आणि हा आपल्याकडचाच रोग असं समजू नका, आडोल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये त्याचं वर्णन केलं ते जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये.

तेव्हा गमबूट, रबरी हातमोजे, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी. काम झाल्यावर साबणानं हातपाय धुणं. पंपाची जाळी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये घासू नका. माशांचं पाणी लागून बोटावर आलेली गाठ आठवडे गेले तरी बरी होत नसेल, तर दाखवून घ्या.

आमच्याकडे अळ्या खायला गप्पी मासे सोडतात. तुम्ही ते तुमच्याकडच्या ओढ्यात मात्र सोडू नका. थंडीत ते मरतील, आणि उबदार मुलखात असाल तर तिथल्या मूळच्या माशांच्या मुळावर उठतील.