कोपराला लावलेला गूळ

(यवतमाळ जिल्ह्यातील शेतमजूर स्त्रियांच्या बैठकीत केलेले भाषण)

बायांनो, कोपराला गूळ लावला तर तो आपला आपल्याला चाटता येत नाही. नुकसानभरपाईचे तसेच झाले आहे. कायदा 1923 सालचा; 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. मजूर बाईच्या जिभेला मात्र गोडी लागली नाही.

सोयाबीन काढताना थ्रेशरमध्ये बाहीबरोबर हात ओढला जातो. मालक दवाखान्यात नेतो, थोडे पैसे टेकवतो आणि म्हणतो, "हात तर शाबूत आहे ना?" हात शाबूत असतो, पण कोपर वळत नाही. एका हाताने पऱ्हाटी वेचून किती किलो भरणार? (भाकरी थापणे, लेकरू उचलणे यांचा हिशेब तर कोणी मांडतच नाही!)

कायद्याच्या तक्त्यात कोपरापाशी हात तुटला तर कमाईची ताकद 70 टक्के गेली असे धरतात. आखडलेले कोपर तक्त्यात नाही. तिथे डॉक्टरने टक्के ठरवायचे असतात. म्हणून डॉक्टरला नुसते "दुखते" सांगू नका, आपण कोणते काम करतो आणि त्यातले काय होत नाही ते सांगा. अपंगत्वाचे टक्के वेगळे, कमाई बुडाल्याचे टक्के वेगळे. ओरिसातल्या एका सिनेमागृहात काम करताना पडलेल्या सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून 1975 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे नुकसान 100 टक्के मानले. भरपाई अपघाताच्या दिवसापासून देणे लागते, हेही त्याच निकालात आहे. सुताराला जे लागू, ते वेचणीच्या बाईला का नाही?

मालक सांगेल, "तू रोजंदारीची, तुला कायदा नाही." खोटे आहे. नैमित्तिक मजुरांना वगळणारी अट 2000 सालीच काढली गेली. विजेवर, इंजिनावर चालणाऱ्या यंत्राचे शेतकामही कायद्यात येते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना वेगळी. ती सातबारावाल्याची आणि त्याच्या घरातल्या एकाची.

दावा दोन वर्षांच्या आत करायचा. दवाखान्याची चिठ्ठी, एक्स-रे, औषधांची बिले पिशवीत जपून ठेवा. उपचाराचा खर्चही मागता येतो. हजेरीपट नसेल तर त्या दिवशी सोबत कामाला असलेल्या दोघीतिघींची नावे आजच लिहून घ्या. हंगाम संपला की मुकादमाला कोणी आठवत नाही.