बरे आहे!

कुंडलिकेचा पूल ओलांडून रोह्याचा माणूस अष्टमीत येतो आणि भेटेल त्याला विचारतो, "काय, बरं आहे ना?" त्या 'बरं'विषयी आज चार शब्द बोलणार आहोत.

संस्कृतात 'वृ' म्हणजे निवडणे. निवडून घ्यावा असा तो 'वर', म्हणजे श्रेष्ठ. मराठीत त्याचा 'बरा' झाला आणि श्रेष्ठाचा जेमतेम चांगला होऊन बसला! 'बरोबर' मात्र याचा नातलग नव्हे. तो फारशीतून आला. गोव्यात आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणतात. तेथे शब्दाची जुनी प्रतिष्ठा शाबूत आहे.

व्याकरण सोपे. बरा मुलगा, बरी मुलगी, बरे मूल, विभक्तीपूर्वी 'बऱ्या'. 'मुलगा बरा आहे' म्हणजे स्वभावाने, की दुखण्यातून उठला, हे संदर्भावाचून कळत नाही. 'मुलाला बरं आहे' म्हटले, की प्रकृतीच.

घरची आजारी म्हातारी 'बरं आहे' म्हणते आणि आम्ही तेवढ्यावर निश्चिंत होऊन कामाला लागतो. तिने प्रकृती सांगितलेली नसते. आमची काळजी मिटवलेली असते. म्हणून क्षणभर थांबावे आणि पुन्हा एकदा विचारावे.