आधी निकालाची नक्कल

श्रोतेहो, खुनाच्या किंवा जीवघेण्या हल्ल्याच्या खटल्यात सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली, की घरची माणसं आधी कुठे धावतात? सावकाराकडे. मोठा वकील गाठायचा म्हणून रान गहाण पडतं आणि पैशांची जुळवाजुळव होईतो मुदत निघून जाते. उच्च न्यायालयात अपिलाला 60 दिवस मिळतात. फाशी असेल तर 30च. अहो, आधी निकालाची नक्कल घ्या! कैदेची शिक्षा झालेल्याला ती लगेच आणि फुकट द्यावी, असा कायदाच आहे.

अपील म्हणजे सुपातले तांदूळ पुन्हा निवडणं. सहसा नवे साक्षीदार येत नाहीत. खाली जे सुपात पडलं तेच वर निवडायचं. समजा, पंचनामा म्हणतो कोयता गोठ्यात सापडला आणि पंच साक्षीत सांगतो, बांधावर. हा खडा. जखम कोयत्याची की दगडाची, यावर डॉक्टर डळमळले, हा दुसरा. सगळेच खडे दात पाडणारे नसतात. बारीकसारीक विसंगतीवर कुणी सुटत नाही. पण सूपच वर पोचलं नाही तर निवडणार काय?

म्हणून पुन्हा सांगतो, नक्कल. 1978 साली महाराष्ट्रातल्याच होसकोट खटल्यात प्रत बंदीला मिळाल्याची सहीसुद्धा कागदावर नव्हती. प्रत द्या आणि लेखी पोच घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा बजावलं.

वकील नाही? बंदीने तुरुंग अधीक्षकांकडे अर्ज द्यावा, तो तिथूनच कोर्टात जातो. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. फुकटचा म्हणून नाक मुरडू नका. अपील केलं तर शिक्षा वाढेल, असं कुणी घाबरवतं. निव्वळ आरोपीच्या अपिलावर ती वाढत नाही. सरकारने वेगळं अपील केलं तर गोष्ट निराळी. आणि सांगली-साताऱ्याकडच्यांना आता मुंबईही गाठायला नको, ऑगस्ट 2025पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं.

मुदत टळलीच तर विलंब माफ होऊ शकतो, पण कारण पटवावं लागतं. ‘पैसे जमवत होतो’ हे दरवेळी पटेलच असं नाही. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात, तेही...

काचेपलीकडून हात वर झालाय. अपील चालू असताना शिक्षा स्थगित करून जामीन कसा मागायचा, ते राहिलंच. आरोपी सुटला तर पीडिताच्या घरच्यांनाही अपिलाचा हक्क आहे, तेही पुढच्या वेळी. विधी सेवेचा क्रमांक तेवढा लिहून घ्या: 15100.