'शहाणी' होण्याचे वय



ग्रामीण महाराष्ट्रात मुलीला पहिल्यांदा पाळी आली म्हणजे 'मुलगी शहाणी झाली' असे म्हणण्याची रीत आहे. मुलाला 'मिसरूड फुटले' एवढेच म्हणतात. त्याच्या शहाणपणाची भाषेलाही घाई नाही. एका शब्दाने शरीराची वाढ आणि बुद्धीची परिपक्वता एकच मानली, आणि त्या शब्दावर विसंबून आजही कित्येक घरांत निर्णय घेतले जातात. म्हणून वयात येणे म्हणजे नेमके काय, याचा विचार शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी करणे अगत्याचे आहे.

शरीराचे काम तुलनेने लवकर उरकते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीकडून संकेत मिळाला की वाढीला वेग येतो. मुलींत हा वेग साधारणतः दहाव्या-अकराव्या वर्षी दिसू लागतो, मुलांत सुमारे दोन वर्षे उशिरा. सहावी-सातवीच्या वर्गात मुली मुलांहून उंच दिसतात, हे शिक्षकांनी नेहमी पाहिलेले आहे. या वर्षांत भूक वाढते आणि रक्तासाठी लोहाची गरजही वाढते. पण ताटातला वाटा बहुधा तेवढाच राहतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 19 वर्षे वयाच्या मुलींपैकी सुमारे 59 टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. शाळेतून आठवड्याला दिली जाणारी लोहाची गोळी त्यासाठीच आहे. ती उपाशीपोटी घेतल्यास मळमळते. मग मुली गोळी मुठीत ठेवून पुढे खिडकीबाहेर टाकतात. जेवणानंतर आणि शिक्षकांच्या डोळ्यांदेखत ती घेतली गेली तरच योजनेला अर्थ आहे.

मनाची गोष्ट मात्र निराळी. मेंदूच्या छायाचित्रणाची साधने उपलब्ध झाल्यावर, गेल्या शतकाच्या अखेरीपासून, एक गोष्ट स्पष्ट होत गेली. भावना आणि सुखाची ओढ यांच्याशी निगडित असलेले मेंदूचे भाग कुमारवयात लवकर जागे होतात. परंतु परिणामांचा विचार करणारा, आवर घालणारा कपाळामागील भाग विशी उलटून काही वर्षे होईपर्यंत विकसित होत राहतो. याचा अर्थ सोळा वर्षांच्या मुलाला अक्कल नसते असा नव्हे. शांत बसवून विचारले तर तो प्रौढाइतकेच नीट उत्तर देतो. फरक पडतो तो सोबतीने. अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पडद्यावरील मोटार चालवण्याच्या खेळात मित्र शेजारी असताना कुमारांनी एकट्याने खेळताना पत्करला त्याहून बराच अधिक धोका पत्करला. प्रौढांवर मात्र सोबतीचा फारसा परिणाम झाला नाही. एका मोटारसायकलवर तिघे बसून यात्रेला निघालेली मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या प्रयोगाचे नवल वाटणार नाही.

तेव्हा शरीर बाराव्या-तेराव्या वर्षी, आणि विवेक पंचविशीच्या आसपास. या दोहोंमधील दहा-बारा वर्षे कोणाच्या स्वाधीन असावीत, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पतीच्या घरी नांदण्यास नकार दिला आणि 1884 पासून मुंबई उच्च न्यायालयात गाजलेला खटला उभा राहिला. 1887 मध्ये न्यायालयाने त्यांना नांदायला जा किंवा तुरुंगात जा असे फर्मावले. त्यांनी तुरुंगाची तयारी दर्शविली. पुढे तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. 1891 च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा झाले, त्यावरून पुण्यात केवढे वादळ उठले! 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले, 1978 च्या दुरुस्तीने ते अठरा झाले.

कायदा एवढा पुढे आला, तरी वरील पाहणीनुसार महाराष्ट्रातील 20 ते 24 वयोगटातील जवळजवळ 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. आणि येथे कायद्यांतच एक फट आहे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. विवाहाची मुभा अठरा वर्षांनंतरची. मधली चार वर्षे मुलीने कोठे असावे, याविषयी कोणावरच सक्ती नाही. आठवी संपली, पुढची शाळा दुसऱ्या गावी, वाट एकाकी. मुलगी घरी बसते, आणि घरी बसलेल्या मुलीसाठी स्थळे येऊ लागतात.

बीडसारख्या जिल्ह्यांत या चार वर्षांना आणखी एक धार आहे. ऊसतोडीत मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस हा अर्धा कोयता. मुलाचे लग्न लावले की कोयता पूर्ण होतो. मुलीच्या आईवडिलांचीही अडचण खरी आहे. सहा महिने फडावर जाताना वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर मागे ठेवायची? त्यांना अडाणी म्हणून दोष देणे सोपे आहे; पण त्यांच्या भीतीला उत्तर दिल्याखेरीज त्यांच्या हिशेबात बदल होणार नाही.

याच महाराष्ट्रात दुसरे टोकही आहे. पुण्याच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे पंचविशीचे, अठ्ठाविशीचे तरुण अजून स्वतःला 'पोरं' म्हणवतात. जेफ्री आर्नेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 2000 साली अठरा ते पंचवीस या काळाला उदयोन्मुख प्रौढत्व असे स्वतंत्र नाव दिले: चाचपडण्याचा, स्वतःला शोधण्याचा काळ. ही सवड ज्याला परवडते त्यालाच मिळते, असा आक्षेप त्यावर घेतला गेला, आणि तो रास्त आहे. अभ्यासिकेतला बावीस वर्षांचा मुलगा आणि त्याच वयाची, दोन लेकरांची आई असलेली ऊसतोड मजूर स्त्री एका तालुक्यातली असू शकतात.

गावात यावर काहीच साधने नाहीत असे नाही. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) पदावर आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक आहे. गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, मुलींना शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास आहे. तथापि लग्नाच्या मांडवात जाऊन लग्न थांबविणे हा शेवटचा आणि सर्वांनाच कटू उपाय होय. कोणते कुटुंब यंदा तोडीला जाणार, त्यात चौदा ते अठरा वयाच्या मुली किती, त्यांतील कोणाची शाळा सुटली आहे आणि कोणाची आजी गावात आहे, हे शाळेला, अंगणवाडीला आणि आशा कार्यकर्तीला ठाऊक असते. फक्त ते एका कागदावर येत नाही. ती यादी दसऱ्यापूर्वी तयार असावी लागते. दिवाळीनंतर गाड्या भरल्या की वसतिगृहासाठी नावे गोळा करीत फिरणाऱ्यास गावात म्हातारी माणसे आणि कुलपे एवढेच भेटते.